अरण्यालाही केसपेपर हवा

आपल्या संघटनेच्या स्मरणिकेकरिता लेख द्यावा, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा मधुमेह, रक्तदाब अथवा उन्हाळ्यातील आहार अशा एखाद्या विषयाची असावी. मी मात्र देशोदेशींच्या राष्ट्रीय उद्यानांनी एकमेकांशी कसे वागावे, यावर चार शब्द लिहावयाचे ठरविले. हे ऐकून माझ्या एका ज्येष्ठ व्यवसायबंधूंनी विचारले, "अहो, तिगावच्या डॉक्टरचा आणि आफ्रिकेतल्या चित्त्याचा संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

तिगाव हे माझे जन्मगाव. नागपूरहून इटारसीकडे जाणारी गाडी येथून पुढे चिचोंड्याचा घाट चढू लागते. घरी संत्र्याची बाग होती, समोर सातपुड्याच्या रांगा होत्या, आणि आमच्या बालपणी रात्री बागेत राखणीला जाणारा माणूस कंदील व काठी घेतल्याशिवाय बाहेर पडत नसे. पुढे शिक्षण झाले, पांढुर्ण्यात दवाखाना थाटला आणि सीमेवरच्या डॉक्टरच्या वाट्याला जे येते ते माझ्याही वाट्याला आले. आपली राजधानी भोपाळ; पण रुग्ण अत्यवस्थ झाला की तो जातो नागपुरास. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला, तरी रुग्णवाहिकेची ही वाट बदललेली नाही. राज्याची सीमा ओलांडणाऱ्या रुग्णासोबत आपण देतो ती चिठ्ठी, तिच्यात काय असते आणि काय राहून जाते, हा आपल्या सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो, आणि त्यातील चूक माझीच होती हे आधीच मान्य करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात बागेत काम करणाऱ्या एका मजुराला सर्पदंश झाला. त्याला माझ्याकडे आणले तेव्हा रक्त गोठत नव्हते. प्रतिविष सुरू केले आणि काही मिनिटांतच अंगावर गांध्या उठल्या, श्वास घोंगावू लागला, रक्तदाब खाली गेला. अॅड्रिनॅलिन देऊन त्याला सावरले आणि पुढील उपचारासाठी नागपुरास धाडले. घाईघाईत चिठ्ठीवर मी 'सर्पदंश, प्रतिविष दिले' एवढेच लिहिले. किती कुप्या दिल्या, किती वाजता दिल्या आणि त्यावर काय प्रतिक्रिया आली, हे लिहावयाचे राहून गेले. तेथील डॉक्टरांनी नियमाप्रमाणे प्रतिविष चालू केले आणि तीच प्रतिक्रिया पुन्हा आली. सुदैवाने ते तत्पर होते, रुग्ण वाचला. दोन दिवसांनी त्या डॉक्टरांचा दूरध्वनी आला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते एवढेच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आणखी एक ओळ लिहिली असती तर बरे झाले असते."

ती न लिहिलेली ओळ मला २०२३ च्या मार्च महिन्यात पुन्हा आठवली; निमित्त होते आपल्याच राज्यातल्या कूनो राष्ट्रीय उद्यानाचे.

हिंदुस्थानातील अखेरचे तीन चित्ते १९४७ साली कोरिया संस्थानात मारले गेले आणि १९५२ मध्ये हा प्राणी देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. त्यानंतर सत्तर वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२२ रोजी, नामिबियातून आठ चित्ते विमानाने ग्वाल्हेरला आणि तेथून श्योपूर जिल्ह्यातील कूनोत आणण्यात आले. १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. एवढ्या मोठ्या मांसाहारी प्राण्याला एका खंडातून दुसऱ्या खंडात नेऊन मुक्त वनात वसविण्याचा असा प्रयोग जगात पूर्वी झालेला नव्हता. दोन्ही देशांशी रीतसर करार झाले होते, पशुवैद्य सोबत आले होते, विलगीकरणाचे बाडे तयार होते. कागदोपत्री सहकार्य होते, आणि ते मनापासूनचे होते, याविषयी मला शंका नाही.

पहिल्या आठांत साशा नावाची एक मादी होती. जानेवारी २०२३ मध्ये ती मलूल दिसू लागली. तपासणीत मूत्रपिंडाचा विकार आढळला. २७ मार्च रोजी ती मरण पावली. त्यानंतर वनविभागाने जे निवेदन प्रसिद्ध केले, ते प्रत्येक डॉक्टरने वाचण्यासारखे आहे. नामिबियाहून तिचा पूर्वेतिहास मागविला असता असे दिसून आले की, १५ ऑगस्ट २०२२ रोजी तेथे घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यात क्रिअॅटिनिन ४०० हून अधिक होते. मिलिग्रॅममध्ये हा आकडा असूच शकत नाही, तो मायक्रोमोलचा. ८८.४ ने भागले की आपल्या नेहमीच्या हिशेबाने साडेचारच्या पुढे जातो. म्हणजे विमानात बसण्यापूर्वी महिनाभर ती रुग्ण होती. तिचा अहवाल अस्तित्वात होता. प्रश्न एवढाच की, तो अहवाल रुग्णाच्या आधी यावयास हवा होता, तो रुग्णाच्या आजारपणानंतर वाचला गेला.

दोष कोणाचा, या वादात मला शिरावयाचे नाही. चिठ्ठीवर एक ओळ न लिहिणारा मी, मला तो अधिकारही नाही. पण साशाची हकीकत वाचताना आपल्यापैकी कोणाला स्वतःचा एखादा रुग्ण आठवणार नाही?

दुसरी घटना याहून अधिक शिकविणारी आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये तेजस आणि सूरज हे दोन नर आणि २ ऑगस्ट रोजी धात्री ही मादी दगावली. सूरजच्या मानेवर, रेडिओ कॉलरखाली जखम होती, तीत किडे पडले होते. प्रारंभी शासनाने कॉलरचा संबंध जोडणे हा तर्क आहे असे सांगितले. आफ्रिकेतील काही तज्ज्ञांनी, आपणांस वेळेवर कळविले असते तर काही मृत्यू टळले असते, अशा आशयाचे पत्र थेट सर्वोच्च न्यायालयास धाडले. पुढे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने जी मीमांसा मांडली ती अशी: दक्षिण गोलार्धात जून ते सप्टेंबर हा हिवाळा. चित्त्यांच्या देहाला आपण देश बदलला हे ठाऊक नव्हते. जन्मभूमीच्या ऋतुमानाप्रमाणे त्यांनी थंडीसाठी दाट केस वाढविले, आणि येथे नेमका त्याच वेळी पावसाळा सुरू झाला. ओल्या, दाट केसांखाली त्वचा कुजू लागली, खाजविल्याने जखमा झाल्या, माश्यांनी अंडी घातली, आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरला.

पावसाळ्यात प्लास्टरखाली किडे पडलेला पाय ज्याने कापून मोकळा केला आहे, अशा कोणत्याही डॉक्टरला ही शृंखला क्षणात कळेल. ती आफ्रिकेतल्या निष्णात पशुवैद्याला सुचली नाही, कारण त्याने आमचा आषाढ पाहिलेला नाही. ती आमच्या पशुवैद्याला सुचली नाही, कारण त्याने चित्त्याची हिवाळी कात पाहिलेली नव्हती. दोघांचे ज्ञान आपापल्या जागी पूर्ण होते. ते एका खाटेशेजारी एकाच वेळी उभे राहावयास हवे होते. उद्यानांतील आंतरराष्ट्रीय सहकार्याचा खरा अर्थ मला यात सापडतो. करारावर सह्या होतात, ध्वज लागतात, छायाचित्रे निघतात, हे सारे आवश्यक असेलही. पण रुग्णाजवळ दोन देशांचे दोन वैद्य उभे राहून आपापल्या शंका निःसंकोचपणे बोलू शकतात की नाही, यावर त्या कराराचे मोल ठरते.

त्या पहिल्या वर्षात वीस प्रौढांपैकी सहा आणि येथे जन्मलेल्या चार पिलांपैकी तीन मृत्युमुखी पडली. त्या चारांतले जे एक पिलू उरले, त्याला आईने टाकून दिले होते. माणसांनी त्याला वाढविले. तीच मुखी. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिने पाच पिलांना जन्म दिला. दरम्यान पावसाळ्यापूर्वीच चित्त्यांना कीटकनाशक औषध देण्याची पद्धत रूढ झाली. ही उपचारपद्धती आता कूनोची स्वतःची आहे, आणि उद्या उत्तर गोलार्धातला दुसरा एखादा देश चित्ते आणू म्हणेल, तर त्याला ती कूनोकडूनच घ्यावी लागेल. मृत्यूची नोंद मोकळेपणाने झाली म्हणजे तिचे असे ज्ञान होते. आपल्या व्यवसायात मृत्यूचे परीक्षण करण्याची जी परंपरा आहे, तिचा पाया हाच नव्हे काय?

असे ज्ञान पसरते याचे दाखले आहेत. १९९४ मध्ये टांझानियातील सेरेंगेटीत कुत्र्यांच्या डिस्टेंपर या विषाणूने सुमारे एक हजार सिंह मारले, म्हणजे तेथील सिंहांच्या संख्येच्या जवळजवळ एक तृतीयांश. संशय उद्यानाभोवतीच्या गावांतील कुत्र्यांवर गेला आणि पुढे त्या कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम निघाली. ही सारी कहाणी शास्त्रीय नियतकालिकांत नोंदविली गेली. २०१८ च्या सप्टेंबरात आपल्या गीरमध्ये वीसहून अधिक सिंह अल्पावधीत मेले आणि त्यांच्यापैकी काहींत तोच विषाणू सापडला, तेव्हा काय करावे हे कोणाला शून्यातून शोधावे लागले नाही. अमेरिकेतून लस मागविण्यात आली, सिंह वेगळे ठेवण्यात आले. चोवीस वर्षांपूर्वीच्या एका परक्या उद्यानाच्या केसपेपरने गीरला दिशा दाखविली.

जनावर पकडण्याचेही तसेच. बांधवगडमधून रानगवा १९९८ च्या सुमारास नाहीसा झाला होता. जानेवारी २०११ मध्ये कान्ह्यातून एकोणीस गवे आणि पुढल्या वर्षी उरलेले, असे एकूण पन्नास गवे तेथे नेण्यात आले. एवढे अवजड जनावर बेशुद्ध करून, उचलून, वाहनातून शेकडो मैल नेण्याचा आपल्याकडे अनुभव नव्हता. दक्षिण आफ्रिकेतील जाणकारांकडे होता. त्यांनी सोबत काम करून ते शिकविले. आपल्या वनविभागातील पशुवैद्यांनी ते हाताने शिकून घेतले. व्याख्यान ऐकून भूल देता येत नाही, हे शल्यकक्षात उभे राहिलेल्या कोणासही सांगावयास नको.

आता आपल्या दारातले उदाहरण घेऊ. नागपूर-जबलपूर महामार्ग पेंचच्या अरण्यातून जातो. तो रुंद करावयाचा ठरला तेव्हा वाघांचा रस्ता तुटणार, म्हणून वाद झाला, न्यायालयात प्रकरणे गेली, आणि अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत जनावरांना खालून जाता यावे यासाठी नऊ पूल-भुयारे बांधण्यात आली. त्यांतले सर्वांत मोठे साडेसातशे मीटरचे आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तेथे कॅमेरे लावले, तेव्हा वाघासह अठरा जातींचे वन्यप्राणी त्यांखालून जाताना टिपले गेले. ही कल्पना आपल्याकडे उगवलेली नव्हती. कॅनडातील बान्फ राष्ट्रीय उद्यानाने १९८० च्या दशकापासून आपल्या महामार्गावर असे मार्ग बांधले आणि, महत्त्वाचे म्हणजे, कोणते जनावर कोणत्या मार्गाने जाते, कोणते बिचकते, किती वर्षांनी सरावते, याच्या नोंदी ठेवून त्या जगाला खुल्या केल्या. बांधकाम आपल्या अभियंत्यांचे. पण त्यामागचा धीर त्या नोंदींचा.

ज्या पेंचमध्ये दूरच्या कॅनडाचा अनुभव कामी आला, त्याच पेंचमध्ये शेजाऱ्याशी काय स्थिती आहे? येथे थोडा इतिहास आठवावा लागेल. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही आपलीच राजधानी होती. छिंदवाडा, सिवनी आणि नागपूर हे एकाच प्रांताचे जिल्हे, आणि पेंच नदीकाठचे रान एकाच वनखात्याच्या नकाशावरचे. राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो, आणि त्या रानातूनही एक रेघ गेली. आज एकाच नावाची, एकाच नदीची दोन राष्ट्रीय उद्याने आहेत. महाराष्ट्राचे पेंच १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले व १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्प. मध्य प्रदेशाचे पेंच १९८३ मध्ये राष्ट्रीय उद्यान व १९९२ मध्ये व्याघ्र प्रकल्प. दोन क्षेत्रसंचालक, दोन दप्तरे, दोन वरिष्ठ कार्यालये, एक भोपाळास, एक नागपुरास. वाघाला यांतले काहीच माहीत नाही. तो सकाळी तोतलाडोहच्या या बाजूला पाणी पितो आणि रात्री त्या बाजूला सांबर मारतो.

दोन्ही बाजूंचे अधिकारी भेटत नाहीत असे मी म्हणत नाही. वाघांची मोजणी करताना ते एकत्र बसतात, शिकाऱ्यांचा माग काढताना एकमेकांस कळवितात. परंतु भेटी व्यक्तींवर अवलंबून राहिल्या की बदलीचा हुकूम आला म्हणजे त्या खंडित होतात. भारत आणि भूतान या दोन सार्वभौम देशांनी मानसच्या अरण्यात दोन्ही बाजूंनी कॅमेरे लावून पट्ट्यांवरून वाघ ओळखले आणि तेच वाघ दोन्हीकडे वावरतात हे एकत्रितपणे मांडले. दोन देशांना जे साधते ते एकाच देशातल्या दोन राज्यांना नित्याची रीत म्हणून साधावयास काय हरकत आहे?

याची निकड आपणां डॉक्टरांना का वाटावी, हे २०२५ च्या जानेवारीने दाखवून दिले. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ व एक बिबट दगावले. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले आणि निदान आले, बर्ड फ्लू, एच५एन१. त्याच महिन्यात आपल्या जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी, छिंदवाड्यात, पाळीव मांजरांत हाच विषाणू सापडला आणि तेथील मांसाची दुकाने बंद करावी लागली. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध होता असे मला म्हणावयाचे नाही. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, एक ठिकाण आपल्या दक्षिणेस, दुसरे उत्तरेस, आणि मध्ये आपण. आणि या दोन्ही बातम्या माझ्यापर्यंत पोहोचल्या त्या वृत्तपत्रातून. त्या आठवड्यात ताप-खोकल्याचा जो रुग्ण माझ्यासमोर बसला होता, त्याला कोंबड्यांशी अथवा मेलेल्या मांजराशी संबंध आला का, हे विचारावयाचे मला सुचले नव्हते.

आणि जगाला हे नवे होते काय? मुळीच नाही. २००४ च्या ऑक्टोबरात थायलंडमधील एका व्याघ्रसंग्रहालयात कोंबडीचे कच्चे मांस खाल्ल्याने हाच रोग शिरला आणि १४७ वाघ एकतर मेले किंवा मारावे लागले. वाघापासून वाघाला लागण होऊ शकते, हेही तेव्हाच समोर आले. वीस वर्षे ही माहिती ग्रंथालयांत आहे. परंतु माहिती ग्रंथालयात असणे आणि ज्याच्या हाती मांसाची टोपली असते त्या माणसाला ठाऊक असणे, यांत मोठे अंतर आहे. देशोदेशींच्या उद्यानांतील देवाणघेवाण ही वरिष्ठांच्या परिषदांपुरती राहिली, तर ते अंतर कधी कमी होणार नाही.

या विचारावर काही आक्षेप मी ऐकले आहेत आणि ते टाळणे बरे नव्हे. पहिला असा की, आपले जंगल आपण सांभाळू, परक्याचा सल्ला कशाला? याला उत्तर इतिहासच देतो. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ अभयारण्यांत आपले कान्हा आणि शेजारचे मेळघाट होते, आणि त्या कार्याला आंतरराष्ट्रीय निधीचा आधार होता. त्याच्याही आधी १९६३ ते १९६५ या काळात जॉर्ज शॅलर हे अमेरिकन अभ्यासक कान्ह्यात राहिले. हरीण आणि वाघ यांच्यावरचे त्यांचे १९६७ चे पुस्तक आजही प्रमाण मानले जाते. परंतु रानात त्यांना वाट दाखविणारे लोक येथलेच होते. सहकार्यात देणारा आणि घेणारा अशा दोन जाती नसतात. आता तर आपणच देणारे होऊ घातलो आहोत. कंबोडियात २००७ नंतर वाघाचे छायाचित्र मिळालेले नाही. तेथे वाघ पुन्हा वसावा यासाठी २०२२ मध्ये भारताशी करार झाला. उद्या आपल्या रानातला वाघ त्या देशात गेला, तर त्याच्याबरोबर त्याचे पूर्ण दप्तर जाईल ना? साशाचा अहवाल उशिरा वाचला गेला म्हणून हळहळणाऱ्या आपण हा प्रश्न स्वतःला आधी विचारावा.

दुसरा आक्षेप आमच्या बागायतदार बंधूंचा. "वाघ-चित्त्यांचे सोहळे तुम्हाला, आमच्या बागेत रानडुक्कर शिरते, बिबट वासरू नेतो, त्याचे काय?" हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण तो माझ्या घरातलाच आहे. नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन हेलपाटे घातलेल्या माणसाला आंतरराष्ट्रीय सहकार्याचे कौतुक सांगणे ही क्रूर थट्टा ठरेल. पण रानाशेजारी राहणाऱ्या शेतकऱ्याचे दुःख हेही जगभर सारखेच आहे. केनियातला गुराखी असो, नेपाळातला असो वा आपल्या सौंसरचा, प्रत्येकाने काही उपाय करून पाहिले आहेत, काही फसले आहेत. जे फसले तेही कळले पाहिजेत. देवाणघेवाण करावयाचीच तर ती यांचीही व्हावी.

तेव्हा माझे म्हणणे मी चार मुद्द्यांत मांडतो. एक, कोणतेही जनावर एका उद्यानातून दुसऱ्यात जावयाचे असेल, तर त्याचा संपूर्ण वैद्यकीय इतिहास आधी पोहोचावा, समोरच्या वैद्याने तो वाचल्याची सही द्यावी, मगच पिंजऱ्याचे दार उघडावे. दोन, प्रत्येक मृत्यूचा शवविच्छेदन अहवाल ठरावीक मुदतीत, बाजू न सावरता, खुला व्हावा. तीन, परदेशी दौऱ्यावर जाणाऱ्यांत वनरक्षक आणि पशुवैद्य यांना पहिले स्थान असावे. जो जनावराजवळ असतो त्यानेच शिकावे. चार, दोन्ही पेंचांची वर्षातून ठरलेल्या दिवशी एक संयुक्त आरोग्य बैठक व्हावी आणि तीत सीमाभागातील माणसांच्या डॉक्टरांनाही बोलवावे.

यांतले पहिले तीन आपल्या हातातले नाहीत. चौथ्याचा प्रारंभ मात्र आपली संघटना करू शकते. वर्षाकाठी आपण ज्या सभा घेतो त्यांतली एक आपण पशुवैद्यक आणि वनविभागाच्या मित्रांसोबत घेऊ या. नागपूर बाजूच्या व्यवसायबंधूंनाही निमंत्रण देऊ या. रेबीज, बर्ड फ्लू, सर्पदंश, श्वापदांनी केलेल्या जखमा, हे आपले समान विषय आहेत. गावातल्या कुत्र्यांना लस टोचली गेली तर माणूसही वाचतो आणि सेरेंगेटीचा अनुभव खरा मानला तर रानातला प्राणीही. कोणत्या जनावरात कोणता रोग दिसला हे परस्परांना त्याच दिवशी कळविण्याची साधी व्यवस्था उभी राहिली, तरी ती बैठक सार्थकी लागली असे मी समजेन.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहतात आणि गोटमार होते. त्या दिवशी आपल्यापैकी कित्येकांनी दोन्ही काठांची डोकी शिवली आहेत. टाके घालताना "तू कोणत्या काठचा?" असे आपण कधी विचारले नाही. एवढी वृत्ती ज्या गावच्या वैद्यांच्या अंगी मुरलेली आहे, त्यांनी सीमेपलीकडल्या रानाविषयी बोलणे आगंतुकपणाचे ठरू नये.

त्या सर्पदंशाच्या रुग्णानंतर मी चिठ्ठी लिहिण्याची माझी पद्धत बदलली. काय दिले, किती दिले, केव्हा दिले, आणि काय बिघडले, या चार ओळी लिहिल्याशिवाय मी रुग्णवाहिका हलू देत नाही; नातेवाईक खोळंबतात, चालक कुरकुरतो, तरीही. त्यांतली चौथी ओळ लिहिताना आजही हात किंचित अडतो, कारण तीत बहुधा स्वतःची उणीव कबूल करावी लागते. राष्ट्रांचाही हात त्याच ओळीशी अडत असावा. ती लिहावयाची सवय त्यांना लागो, आणि आपल्यालाही, एवढीच या स्मरणिकेच्या निमित्ताने विनंती.